गोट्यांचा डोंगर

कपाटाचं दार उघडायचा अवकाश, वरच्या फळीवरचा खोका सरकला. त्याने मधल्याला धक्का दिला, मधल्याने खालच्याला, आणि बघता बघता ठोकळे, चाकं, सोंगट्या, मणी, प्लास्टिकचे घोडे आणि घोड्यांवरून केव्हाच खाली उतरलेले स्वार असं अख्खं सैन्य ताईच्या अंगावर चालून आलं. आवाज असा झाला की खाली वाचनालयात पेपर वाचत बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"ताई, जिवंत आहात ना?" जिन्यावरून ग्रंथपाल सरांनी विचारलं.

"आहे, सर! चष्मा तेवढा सापडत नाहीये!"

"डोक्यावर आहे," दारात येऊन सर म्हणाले. "तुमच्या."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती लांबट खोली म्हणजे खेळघर. खाली पुस्तकं मिळत तशी वर खेळणी मिळत. मुलांनी घरी न्यायची, खेळायची, परत आणायची. ताई इथे येऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्याआधी ती औषधांच्या गोदामात होती. तिथे सगळा कारभार बारीक गोळ्यांचा आणि त्याहून बारीक बाटल्यांचा, आणि एक दुसरीच्या जागी गेली तर कुणाच्या जिवाशी गाठ. त्यामुळे वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय तिच्या बोटांत मुरलेली. गोदाम दुसरीकडे हललं, ती इथे आली, आणि येता-जाता तिच्या हातात काही ना काही खडखडणारा डबा असायचाच. पोरांनी पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं: खुळखुळाताई.

पण गोदामातल्या बाटल्या कुणी घरी खेळायला नेत नव्हतं. इथली खेळणी धडधाकट जायची आणि लंगडत परत यायची. तुकडे जोडायच्या कोड्यातला हत्ती एका कानाने यायचा. भातुकलीतलं पातेलं झाकणावाचून यायचं. आणि ज्याच्या खेळाचा थांगपत्ता लागत नाही असा प्रत्येक तुकडा खिडकीखालच्या गोण्यांत जायचा. तिथे तीन फुगलेल्या गोण्या होत्या. चौथीचं तोंड उघडलेलं होतं.

सरांनी त्या गोण्यांकडे बघितलं, मग जमिनीवरच्या सैन्याकडे. सर वाईट माणूस नव्हते. फक्त कोपरा दुमडलेलं पान दिसलं तरी त्यांची झोप उडायची.

"ताई, पुढच्या आठवड्यात अध्यक्षबाई येतायत. वाचनालयाच्या मंडळाला जुन्या पेपरांच्या थप्प्या ठेवायला ही खोली हवी आहे. त्यांनी हा उकिरडा बघितला, तर बोलायला जागाच उरणार नाही."

"उकिरडा नाही हो सर. सगळी चांगली खेळणी आहेत. फक्त एकमेकांत मिसळलीयत."

"शेवटचं पान नसलेली कादंबरी मी कुणाला देत नाही. अर्धवट खेळणं तुम्ही कशाला ठेवता?" असं म्हणून सर दोन पायऱ्या उतरले, मग थांबले. "मला खोली जावी असं वाटत नाही. पण बाईंना सांगायला काहीतरी उत्तर द्या."

ताई खाली बसली. समोर कोपऱ्यात एक भलीमोठी लाकडी पेटी होती आणि तिच्यासमोर मांडी ठोकून ताईची सात वर्षांची मुलगी बसली होती. हिला घरीदारी सगळे मुंगी म्हणत, कारण बारीकसारीक गोष्टी ओढून आणून कोपऱ्यात साठवायचा तिला जन्मजात नाद. पेटीच्या झाकणावर चित्र होतं: लाकडी मनोरे, त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या पन्हळी, एक पाणचक्कीसारखं चाक, छोट्या घंटांची रांग. वरून गोटी सोडली की ती पन्हळींमधून पळत, चाक फिरवत, घंटा वाजवत तळाच्या वाटीत पडायची. गोट्यांचा डोंगर! कुणा हौशी माणसाने कधीकाळी बनवून खेळघराला दिलेला. हल्लीच्या मुलांपैकी एकानेही तो उभा पाहिला नव्हता. पेटीत निम्मेच भाग होते, बाकीचे गोण्यांत गडप, आणि उरलेले कुणाच्या घरी कुठे, देव जाणे.

"आई, हा एकदा तरी उभा राहील का गं?" मुंगीने विचारलं. हा प्रश्न ती रोजच विचारायची. पण आज ताईच्या डोक्यात काहीतरी वळवळलं.

घरी गेल्यावर सासूबाईंनी सुनेच्या केसांतून हिरवा मणी काढला आणि खिडकीत ठेवला. तिथे आधीच असल्या मण्यांची ओळ होती.

"आज काय, खेळणी डोक्यावर घेऊन नाचलीस की काय?"

ताईने सगळं सांगितलं. कपाट, गोण्या, अध्यक्षबाई. नवरा शहरातल्या बसवर चालक होता. तो नुकताच ड्युटीवरून आला होता आणि पाय पसरून ऐकत होता.

"मला सांग," सासूबाई म्हणाल्या, "त्या डोंगराचे तुकडे गेले कुठे? लाकूड काही हवेत विरघळत नाही."

"हरवले, आई."

"अगं, वस्तू हरवत नसतात. पाहुण्या जातात आणि लाजेने परत येत नाहीत. लोकांना वाटतं, इतक्या उशिरा नेऊन दिलं तर ती बाई ओरडेल. तू ओरडणार नाहीस असं सांगून तर बघ!"

ताई ताडकन उठली. "आई!"

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही फार हुशार आहात!"

"ते मला ठाऊक आहे. ओरडतेस कशाला?"

नवरा हसायला लागला. बायकोच्या डोक्यात कल्पना शिरली की घरात वारं शिरतं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. आता भांडी वाजणार, दारं आपटणार, आणि दोन मिनिटांत आपल्यालाही काहीतरी काम लागणार. लागलंच. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावर त्याचा खणखणीत आवाज घुमू लागला: "उतरताना आपलं सामान बघून घ्या! आणि घरी गेल्यावर सोफ्याखाली बघा! खेळघराचा तुकडा सापडला तर रविवारी आणून द्या. कुणी रागावणार नाही, कुणी काही विचारणार नाही!" लोक आधी दचकायचे, मग हसायचे. एक गृहस्थ तर उतरता उतरता म्हणाले, "सोफ्याखाली माझी गेल्या वर्षीची चप्पल आहे, ती चालेल का?"

रविवारला अजून अवकाश होता. तोवर गोण्या उपसायच्या होत्या.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांनी पावाचे पसरट ट्रे दिले. बिस्किटांच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या बरण्या दिल्या, आणि "धुवून घे हो, नाहीतर मुंग्या लागतील," असंही बजावलं. "मुंगी आधीच आहे," ताई म्हणाली. शाळा सुटल्या सुटल्या मुलं धावत वर आली. सासूबाई आपली शिवणाची कात्री घेऊन आल्या. कात्री कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण कामाला जाताना हात रिकामे नसावेत असं त्यांचं मत.

ताईने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि पहिली गोणी उपडी केली. धबधबा! मुलांनी आनंदाने किंकाळी फोडली.

"रंग वेगळे करा रे," सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. "लाल इकडे, निळे तिकडे. माझे दोरे बघा, तीस वर्षं रंगावर लावतेय, कधी घोटाळा नाही."

पोरं कामाला लागली. लाल ढीग वाढला, पिवळा वाढला. बघायला मोठं देखणं दिसत होतं. आवाज कमी करा म्हणून सांगायला सर वर आले ते दारातच थबकले.

"रंगावर?" त्यांचा आवाज चिरकला. "ताई, पुस्तकं काय आम्ही मुखपृष्ठाच्या रंगावर लावतो?"

"मग कशावर लावायचे?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आकारावर! चाकांत चाकं, माणसांत माणसं, ठोकळ्यांत ठोकळे. रंगाला काय अर्थ आहे?"

"रंग लांबून दिसतो. आकार जवळ जाऊन बघावा लागतो."

"आजी, रंगच बरा!" अर्धी पोरं ओरडली. "नाही, आकार, आकार!" उरलेली अर्धी ओरडली. दोन्ही बाजूंनी असा गलका उठला की खालचे वाचकही जिन्यात येऊन उभे राहिले आणि त्यांच्यातही दोन तट पडले.

ताईने टाळ्या वाजवल्या. "भांडू नका! शर्यत लावू. आई, तुमचा लाल ढीग तसाच ठेवा. सर, तुम्ही दुसऱ्या गोणीतला माल आकारावर लावा. मग मी दोन्हींत एकेक छोटं लाल चाक टाकते. जो आधी शोधेल तो जिंकला."

सर "मला खाली काम आहे" असं म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांनी बाह्या सरसावल्या. गुडघ्यावर बसून ते इतके रंगले की मुलं त्यांना तुकडे हातात देऊ लागली आणि ते "चाक! माणूस! कुंपण! हे काय आहे? कुणाचा तरी पाय! पायांचा वेगळा ट्रे आणा!" असं फर्मावू लागले.

शर्यत सुरू झाली. सासूबाई लाल ढिगात दोन्ही हात खुपसून चाळू लागल्या. लाल ठोकळे, लाल टोप्या, लाल दारं, लाल शेपट्या. सगळं लालच लाल. डोळा ठरेल कुठे? "थांबा, थांबा, हे... छे, हे बटण!" तिकडे मुंगीने चाकांच्या ट्रेवर नजर टाकली. काळ्या, पांढऱ्या, निळ्या चाकांत ते लाल चाक असं लकाकत होतं, की तिने हात घातला आणि उचललं. "सापडलं!"

"पुन्हा!" सासूबाई म्हणाल्या. पुन्हा हरल्या. तिसऱ्यांदा पिवळी शिडी शोधायची होती, तेव्हाही हरल्या. मग चष्मा काढून त्यांनी सरांकडे बघितलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "दोरे सगळे एकाच आकाराचे, म्हणून तिथे रंग चालतो. इथे नाही चालायचा. चला रे, मोडा हे ढीग, नव्याने लावू."

त्यानंतर कामाला जी गती आली ती विचारू नका. ट्रेमध्ये तुकडे पातळ पसरायचे, म्हणजे खालचं वर न करता नजरेला पडतात. निवडून झाले की बरणीत भरायचे. बरणीवर नाव लिहिलं तर छोट्यांना वाचता कुठे येतं? म्हणून प्रत्येक झाकणावर आतला एक तुकडाच चिकटवला: चाकाच्या बरणीवर चाक, गाईच्या बरणीवर गाय. दीड वर्षाचं पोरही चुकणार नाही. कोड्यांची गंमत वेगळीच. प्रत्येक कोड्याच्या तुकड्यांवर मागून एकेक खूण काढली, कुणावर चांदणी, कुणावर मासा, म्हणजे हत्तीचा कान चुकून जहाजात शिरला तरी लगेच पकडला जाईल. खेळपटांचे फासे छोट्या चेनच्या पिशव्यांत घालून पटालाच बांधले. आणि सासूबाईंच्या कात्रीलाही काम मिळालं. त्यांनी ती जुनी चादर गोल कापली, कडेने नाडी ओवली. चादर पसरून ठोकळे ओतायचे, खेळून झालं की नाडी ओढायची. झाली पिशवी! मुलांनी ती नाडी इतक्या वेळा ओढली की शेवटी सासूबाईंनी दुसरी ओवून दिली.

आणि रविवार उजाडला.

सकाळी ताई दाराशी किल्ली हातात घेऊन कधीची उभी होती. कुणी आलंच नाही तर? नवऱ्याने तिच्या हातातली किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि म्हणाला, "आत बघू नकोस. मागे बघ." तिने वळून बघितलं. जिन्याच्या पायथ्यापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं उभी होती. कुणाच्या हातात कागदाची पुडी, कुणाची मूठ घट्ट मिटलेली.

सगळ्यांत पुढे दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पर्समधून पाणचक्कीचं चाक काढलं. "माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं होतं हो. कुठून आलं ते आत्ता कळलं!" मागे शिंपीकाका. त्यांच्या हातात निमुळते लाकडी खांब. त्यांनी त्यांवर जरीचा दोरा गुंडाळून ठेवला होता, तो रात्रभर बसून सोडवला म्हणे. बागेतल्या सफाईवाल्या मावशींनी घसरगुंडीखालच्या वाळूतून वेचलेले तुकडे पाण्याने धुवून भरगच्च डब्यात आणले होते. आणि मग आला मिशी फुटलेला एक उंच तरुण. लाजेने त्याचे कान लाल झाले होते.

"ताई, ही घंटा. मी पहिलीत असताना खिशात..."

"काही विचारणार नाही असं ठरलंय!" ताई म्हणाली. "घंटांचा ट्रे तिकडे. आणि उंच आहेस, वरचा मनोरा धर!"

झालं! जो द्यायला आला तो थांबला. चाकाला चाकाचा ट्रे मिळाला, पन्हळीला पन्हळीचा. इतके दिवस ज्या गोण्या नुसत्या फुगून बसल्या होत्या, त्यांतून निवडलेले लाकडी भाग आता बरण्यांतून भराभर बाहेर येऊ लागले. सरांनी पेटीचं झाकण दोन्ही हातांत धरलं आणि चित्र बघून सांगू लागले, "डावा मनोरा एक बोट वर! नाही, माझी डावी बाजू नव्हे, डोंगराची!" बेकरीवाले काका पाण्याचा पेला घेऊन पन्हळ कुठे कललीय ते बघत होते. नवरा पोटावर झोपून खालचे खांब पक्के करत होता. मुंगी डोंगराच्या पोटात शिरून आतल्या घंटा लावत होती, कारण दुसऱ्या कुणाचा हात तिथे पोहोचत नव्हता. "डावीकडची मोठी! आता छोटी! पडली! सापडली!" अशा बातम्या आतून येत होत्या.

डोंगर वाढत गेला. आधी मुलांच्या गुडघ्याला लागला, मग खांद्याला, मग सरांच्या नाकाला. आणि मग ताईच्या लक्षात आलं की तळाच्या वाटीआधीचं शेवटचं वळण नाही.

सगळे ट्रे पाहिले. सगळ्या गोण्या झटकल्या. लोकांनी पुन्हा खिसे चाचपले. वळण काही मिळेना.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," सासूबाई पुटपुटल्या.

"निदान तिथपर्यंत तरी चालवून बघू या!" उंच तरुणाला दम निघत नव्हता. ताईने मान हलवायच्या आत त्याने वरून गोटी सोडली. टणटणटण! घंटा वाजल्या, चाक गरकन फिरलं, गोटी पन्हळीतून सुसाट आली आणि जिथे वळायला हवं तिथून सरळ हवेत उडाली. जमिनीवर आपटली, दाराबाहेर गेली आणि एका अनोळखी काळ्या बुटाला लागून थांबली.

बुटांच्या वर अध्यक्षबाई होत्या.

त्या सोमवारी येणार होत्या. म्हणजे सरांना तरी तसं वाटत होतं. अध्यक्षबाईंनी गोटी उचलली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"हलू नका!" सगळी मुलं एका सुरात किंचाळली.

बाईंचा पाय हवेतच राहिला. त्यांच्या बुटाखाली बरोब्बर चिमुकल्या खांबांचा ट्रे होता.

"पाय मागे," मुंगी डोंगराच्या पोटातून डोकं काढून म्हणाली. "आता भिंतीकडून या. आणि तो मनोरा जरा धराल का? दादाचा हात दुखतोय."

सर काहीतरी बोलायला पुढे झाले, पण तोवर बाईंनी पर्स खाली ठेवून मनोरा धरलाही होता. "असाच धरू ना? काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

"वळण हरवलंय," ताई म्हणाली. एरवी अध्यक्षांसमोर तिची बोबडी वळली असती, पण आता घाबरायला सवड कुठे होती! "अशी वाकडी पन्हळ हवी. दोन्ही बाजूंना काठ असलेली, नाहीतर गोटी उडते."

"दुसऱ्या कशाचं तरी चालेल?"

ताईने बाईंकडे बघितलं. मग सरांकडे. सरांनी तिच्याकडे बघितलं. आणि दोघं एकदमच ओरडले, "वाकड्यांचा ट्रे!"

आकारावर लावायचं ठरलं तेव्हा जे जे वाकडं होतं ते, कुठल्याही खेळाचं असो, एकाच ट्रेमध्ये गेलं होतं. मुलांनी तो ट्रे उचलून आणला आणि एकेक तुकडा लावून बघायला सुरुवात केली. रेल्वेचा रूळ लावला. त्याला काठ नाहीत. खेळण्यातल्या नळाचा बाक लावला. गोटी आत शिरेना. भातुकलीतलं केळं लावून बघितलं, कारण केळंही वाकडंच असतं. खोली हसून हसून लोळली. मग मुंगीने ट्रेच्या तळातून एक जांभळी वस्तू काढली. बाहुलीघराच्या बागेतली गोल वळणाची घसरगुंडी!

"ही?"

नवऱ्याने घसरगुंडीखाली दोन ठोकळे सरकवले. गोटी सोडली. वळणापर्यंत आली, वळली, अर्ध्यात अडकली. "अजून एक ठोकळा! पातळ!" ठोकळ्यांच्या बरणीतून पातळ ठोकळा तत्क्षणी आला. काकांनी पाण्याचा पेला ठेवून बघितला आणि मान डोलावली.

"थांबा!" ताई म्हणाली. "मुंगीला सोडू द्या."

वडिलांनी मुंगीला खांद्यावर घेतलं. तिने बोटांच्या चिमटीत गोटी धरली. खोलीत माणसं इतकी दाटली होती की वाऱ्याला वाट नव्हती. गोटी सुटली. वरची पन्हळ घसघसत उतरली. मनोऱ्याभोवती वळसा. घंटा, एकापाठोपाठ एक, मोठीपासून छोटीपर्यंत. डॉक्टरीणबाईंचं चाक गरगर फिरलं. शिंपीकाकांच्या खांबांमधून नागमोडी, खाली, आणखी खाली. वळण आलं. जांभळ्या घसरगुंडीत गोटी शिरली, काठाला घासत चढली, आता उडते की काय असं वाटलं, आणि वळून टुणकन वाटीत पडली.

असा जल्लोष त्या इमारतीने कधी ऐकला नसेल. सासूबाईंनी सरांच्या पाठीवर थाप मारली. सरांनी हातातलं झाकण हवेत उडवलं आणि घाबरून लगेच झेललं. अध्यक्षबाई मनोरा तसाच धरून उड्या मारायच्या बेतात होत्या, पण मुलांनी पुन्हा एकदा "हलू नका!" म्हणून त्यांना रोखलं.

मग प्रत्येकाला गोटी सोडायची होती. रांग लागली. रांगेत डॉक्टरीणबाई होत्या आणि सरही होते. दोनदा.

दुपार कलली तेव्हा हातात चहाचा कप घेऊन बाईंनी खोलीवर एक नजर फिरवली. "झकास झालं. पण हा पसारा आता आवरायचा कुणी? चार दिवस लागतील."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. "ताई, सांग ना!"

"एक, दोन, तीन... सुटा!" ताई ओरडली.

चादरीची नाडी सर्रकन ओढली गेली. चाकं चाकांच्या बरणीत, घंटा घंटांच्या बरणीत, खांब, पन्हळी, ठोकळे, ज्याचा त्याचा मुक्काम झाकणावर दिसतच होता. चिकटवलेल्या गाईकडे बघून एक इवलंसं पोर "हंबा!" म्हणत गाई टाकत होतं. अध्यक्षबाईंचा चहा थंड व्हायच्या आत डोंगर पेटीत आणि खोली लख्ख. बाईंनी कप तसाच खाली ठेवला. "मंडळात बोलते," एवढंच म्हणून त्या भिंतीकडून, पाय जपून टाकत, निघाल्या.

त्या आठवड्यात ताईचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की ती दचकायची. पण बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि मुलांना डोंगर रोज हवा होता, रोज नवा. कधी दोन मनोऱ्यांचा, कधी खिडकीवरून सुरू होणारा. गुरुवारी त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून तो खाली वाचनालयात उतरवायचा घाट घातला. सर विरोध करतील असं वाटलं होतं. ते पन्हळी धरून बसले.

गोटी सुटली आणि त्याच क्षणी फोन वाजला.

"हॅलो! कोण? जरा मोठ्याने बोला, इथे घंटा वाजतायत!"

"अध्यक्ष बोलतेय! पेपरांच्या थप्प्यांना आम्ही दुसरीकडे जागा केली आहे. खोली तुमचीच! पण एक काम होतं. आपल्या बाकीच्या वाचनालयांतही अशाच गोण्या पडून आहेत. कुणी हात लावत नाही. तुमच्याकडे पाठवू का?"

"किती आहेत?"

"पुष्कळ!"

ताईने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांपुढे गोण्या उपड्या झाल्या. कधी न पाहिलेली चाकं, कुठल्या कुठल्या डोंगरांची वळणं, काय काय असेल त्यात! "पाठवा!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडे बाईंनी फोन कानापासून लांब धरला असणार. "सगळ्या पाठवा! आजच पाठवा!"

"आई, काय झालं? कोण होतं?" मुंगीने विचारलं.

"थांब," ताईने तिचा हात घट्ट पकडला. कठड्यावरून गोटी खाली चालली होती, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि जिन्याच्या पायथ्याशी सर वाटी घेऊन वाकले होते. "आधी पोहोचू दे. मग सांगते."